एकच डबल बेड, चियांग माई

थायलंडला चाललोय असं ऑफिसात सांगितलं की पुण्यातला माणूस आधी मागे वळून बघतो, कोणी ऐकत नाही ना, आणि मग डोळा मारतो. दोघंच पुरुष, बायकापोरं बरोबर नाहीत, आणि थायलंड. एकाने तर पाठीवर थाप मारून "जपून हं" म्हटलं. त्याच्या डोळ्यांसमोर पट्टाया होतं आणि पट्टायातल्या बायका होत्या. आम्ही दोघं एकमेकांबरोबरच चाललोय, ही शक्यता त्याच्या कल्पनेपासून चार कोस लांब होती.

मी पन्नाशीतला, माझा जोडीदार माझ्याहून थोडा मोठा. बरीच वर्षं एका घरात राहतो. सोसायटीत आम्ही "ते दोघं मित्र", नात्यात तो "तुझा रूममेट". माझी मावशी त्याला कुठलंच नाव देत नाही, फोनवर नुसतं विचारते, "तो जेवला का?" तिचं एवढंच मला पुष्कळ वाटत आलंय.

परत आल्यावर आमच्यासारख्याच एक-दोन मित्रांनी विचारलं, तिथे आपल्या लोकांसाठी काय काय आहे, नीट लिहून दे. लिहायला बसलो तर पत्ते आणि वेळा सुचेनात, भलतंच आठवत गेलं. ते असं.

१. आपल्या लोकांचं शहर आणि आपल्याला निवांत वाटेल असं शहर ही एकच गोष्ट असेलच असं नाही. बँकॉकला सिलोम भागात सोई २ आणि सोई ४ अशा दोन गल्ल्या आहेत, जगभरचे समलिंगी पुरुष तिथे येतात. पंचविशीत मला तिथे सोडलं असतं तर माझा पासपोर्ट संपेपर्यंत मी हललो नसतो. आता रात्री अकराला कोणी मोठ्याने गाणं लावलं की मला आधी गुडघा आठवतो. म्हणून बँकॉकहून रात्रीच्या गाडीने उत्तर गाठली. जवळजवळ साडेसातशे किलोमीटर, खालची बर्थ चांगली रुंद, पांढरी चादर, आणि उजाडताना खिडकीबाहेर डोंगर. चियांग माई मंगराय राजाने १२९६ साली वसवलं, लान्ना राज्याची ही राजधानी. जुनं शहर चौकोनी आहे, भोवती पाण्याचा खंदक, एकेक बाजू दीडेक किलोमीटरची. इकडून तिकडे चालत अर्धा तास लागतो, कॉफीला थांबलात तर अर्धा दिवस. जायचं ते नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारी सरत आला की आसपासची शेतं आणि जंगलं पेटवली जातात, आणि एप्रिलपर्यंत हवा अशी होते की समोरचा डोंगरही दिसत नाही. मित्रांच्या यादीतली एवढी एकच गोष्ट मी मनापासून लिहिली.

२. हॉटेलात खोली घेताना आपण किती नाटक करतो, हे ते करायची गरज संपल्यावर मला कळलं. महाबळेश्वर घ्या, गणपतीपुळे घ्या. काउंटरवरचा मुलगा संगणकात बघून म्हणतो, "सर, दोन वेगळे बेड नाहीयेत, डबल बेड आहे. चालेल?" ह्यावर आमचा प्रवेश ठरलेला. आधी एकमेकांकडे बघायचं, मग मी जरा नाराज व्हायचं, ह्याने, म्हणजे माझ्या जोडीदाराने, घड्याळ बघायचं, आणि शेवटी "ठीक आहे, एका रात्रीचा तर प्रश्न आहे" असं म्हणून चावी घ्यायची. कधी मुलगा जास्तच चौकस वाटला तर जास्तीची गादी मागवायची, तिचे पैसे भरायचे, आणि सकाळी त्या गादीवर दोन मिनिटं लोळून चादर चुरगळून ठेवायची. एकदा ह्याने त्या गादीवरच्या उशीला खोलगट खळगाही पाडून ठेवला होता. मी म्हटलं, तुला नाटकात जायला हवं होतं.

चियांग माईत खंदकाच्या आतल्या एका छोट्या गेस्टहाउसमध्ये उतरलो. बुकिंग एकाच बेडचं. विमानात मी वाक्य घोकत होतो, शांत आवाजात, नजरेला नजर देऊन म्हणायचं. मालकीणबाईंनी पासपोर्ट घेतले, वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, अंडं तळलेलं की उकडलेलं? माझं वाक्य तोंडातच राहिलं. खरं सांगतो, जिना चढताना सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं हिरमुसल्यासारखंही. इतक्या वर्षांची तालीम, आणि बघायला कोणी नाही.

३. आपल्याकडे दोन पुरुषांना हात धरून चालायला काहीच अडचण नाही, हे आमच्या परदेशी मित्रांना खरं वाटत नाही. गावच्या जत्रेत बघा, बोटात बोट गुंफून पुरुष चाललेले असतात. दोस्त आहेत, मावसभाऊ आहेत, दोघं थोडी घेऊन आलेले आहेत. ह्या सवलतीवर आम्ही तरुणपण काढलं. सारसबागेत, पर्वतीच्या पायऱ्यांवर, एसटी स्टँडवर ह्याचा हात माझ्या खांद्यावर असायचा आणि मला वाटायचं, आपलं शहर काही वाईट नाही, चालवून घेतं.

चियांग माईत पहिल्या संध्याकाळी खंदकाच्या कडेने चालताना ह्याने हात धरला. फळांच्या गाडीवर आम्ही पपई घेतली. गाडीवालीने कापता कापता आमच्या हातांकडे बघितलं, मग तोंडांकडे, आणि तिला कळलं. कळलेलं दिसतं, तो एक क्षण आम्ही लोक शंभर पावलांवरून ओळखतो. माझी बोटं आपोआप सैल झाली. तिने फोडी पिशवीत भरल्या आणि वर दोन काड्या खोचल्या. एका पिशवीला दोन काड्या. वीस बाट झाले.

त्या रात्री बराच वेळ माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. पुण्यात चालतं कारण कोणाला कळत नाही. इथे कळलं, आणि तरी चाललं. माझ्या हिशेबात ह्या दोन गोष्टी कधी एका ओळीत आल्याच नव्हत्या. बाकी तिथलेही लोक रस्त्यात लाडीगोडी करत नाहीत, नवराबायकोसुद्धा नाही. मग आम्हीही फार काही केलं नाही. पपई खाल्ली.

४. निवांत बसणं मला येत नाही. मी एक्सेलमध्ये सहलीचं वेळापत्रक केलं होतं, देवळांचा वेगळा रकाना, कॅफेंचा वेगळा. दुसऱ्याच सकाळी ह्याने ते बघितलं, "हे कोण करणार आहे?" असं विचारलं आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. मी एकटाच लाल गाडीत बसून दोई सुथेपला गेलो. लाल गाडी म्हणजे मागे दोन बाकडी टाकलेला छोटा ट्रक, रस्त्यात हात केला की थांबतो, जाताना माणसं गोळा करत जातो. आपल्या शेअर रिक्षावर वाढलेल्या माणसाला ती समजवावी लागत नाही. वरचं देऊळ १३८३ सालचं, शेवटच्या चढणीला नागांच्या कठड्यातून तीनशेहून जास्त पायऱ्या. मोजल्या नाहीत, पाटीवर वाचलं. वर सोन्याने मढवलेला स्तूप, त्याला प्रदक्षिणा घालणारी माणसं हातात कमळाची कळी धरून. मी एक घातली आणि लगेच फोटो पाठवला. उत्तर आलं, "छान. मी खाली पाण्याशी बसलोय, एक घोरपड पोहते आहे." परत येईपर्यंत घोरपड गेली होती. वेळापत्रक मी त्यानंतर उघडलं नाही असं लिहायला आवडलं असतं, पण चोरून बघायचो.

५. पोटाला ओळखीचं मिळालं की परदेश निम्मा कमी होतो. हिरव्या लांब मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे विस्तवावर भाजायचे, दगडी खलात कुटायचे, वाटीत घालून चिकट भाताच्या गोळ्याबरोबर खायचं. ह्याला तिथे नाम प्रिक नुम म्हणतात. मी पहिला घास घेऊन "ठेचा!" असं मोठ्याने ओरडलो. फरक एवढाच की त्यात बऱ्याचदा मासळीचा सॉस असतो, आणि हा पक्का शाकाहारी. त्याच्यासाठी पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेली दुकानं शोधायची. तिथे मांस, मासे, अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. जन्मभर आईचा चातुर्मास चुकवत आलेल्या माणसाने थायलंडात जाऊन तो पाळला. मी मात्र रोज दुपारी खाओ सोई खात होतो, नारळाच्या दुधातल्या पिवळ्या रश्शात नूडल्स, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, बाजूला आंबवलेली मोहरीची भाजी आणि लिंबू. हा पदार्थ युनानकडून घोडे-खेचरं घेऊन येणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर आला असं सांगतात. दुकानात वाढणाऱ्या बाईंना गिऱ्हाइकं 'पा' म्हणत, म्हणजे मोठी मावशी. त्या मला वाढताना ह्याच्या रिकाम्या ताटलीकडे बघून हळहळायच्या. शेवटी एक दिवस न मागता त्याच्यापुढे केळी ठेवली.

६. मला सर्वांत जास्त भीती मराठीची वाटते. हे वाक्य लिहितानाही जड जातंय, कारण ह्याच्याशी मी मराठीतच बोललो, भांडलो, मराठीतच त्याला पहिल्यांदा जे सांगायचं ते सांगितलं. पण परदेशात रस्त्यावर हिंदी ऐकू आली तर मी फक्त सावध होतो. मराठी ऐकू आली की हात सुटतो.

रविवारी संध्याकाळी था पे दरवाजापासून आत जाणारा राचादामनोन रस्ता गाड्यांना बंद करतात आणि तिथे बाजार भरतो. कापडी पिशव्या, चांदीचे दागिने, लाकडी बेडूक, देवळांच्या अंगणात खाण्याचे ठेले. आम्ही गर्दीतून हात धरून चाललो होतो आणि मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, पाकीट पुढच्या खिशात ठेवा!" सानुनासिक नव्हे, ठसठशीत, कृष्णाकाठचं. मी ह्याचा हात सोडला, बाजूच्या दुकानाकडे वळलो आणि इंग्रजीत बेडकाची किंमत विचारायला लागलो. मला बेडूक नको होता. हा तसाच उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "अरे, तो बेडूक राहू दे, सुट्टे आहेत का तुझ्याकडे?"

झालं. काका-काकू पुढे आले. सांगलीचे, टूरबरोबर आलेले, चार दिवस मराठी माणूस भेटला नाही म्हणून कासावीस झालेले. काकूंनी पर्समधून भडंगाची पुडी काढून माझ्या तळहातावर ओतली आणि विचारलं, "तुम्ही दोघं भाऊ-भाऊ का हो?"

त्याच क्षणी सहा वाजले. थायलंडमध्ये सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागतं. ध्वनिक्षेपकावर सूर आला आणि अख्खा बाजार होता तिथे थांबला. पैसे मोजणारा, तळणारा, पोराला कडेवर घेतलेली बाई, सगळे ताठ. आम्हीही थांबलो. माझ्या हातात भडंग, समोर काकू, मध्ये तो प्रश्न. गीत मिनिटभराचं असेल. त्या मिनिटात मी तीन उत्तरं तयार केली. भाऊ. मावसभाऊ. कॉलेजातले मित्र, ह्यांची मिसेस येऊ शकली नाही. तिसरं मला बरं वाटलं, त्यात बारकावा होता.

गीत संपलं, बाजार पुन्हा हलला, आणि मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "भाऊ नाही. आम्ही एकत्र असतो, बरीच वर्षं. संसारच म्हणा ना."

काकूंनी ह्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, "मग स्वयंपाक कोण करतं?"

"मी," हा म्हणाला. "भांडी हा घासतो."

"बरं आहे बाई," असं म्हणून त्यांनी काकांकडे अशी नजर टाकली की त्यात एका जुन्या खटल्याचे सगळे कागद होते. काका तोवर पलीकडे कापडी पाकिटं बघण्यात गढले होते. त्यांनी परत आमच्याकडे पाहिलं नाही. मी नमस्कार केला, तो त्यांना दिसला नाही किंवा त्यांनी बघितला नाही. "चला, ग्रुप थांबलाय," म्हणाले आणि निघाले. काकू जाता जाता उरलेली पुडी ह्याच्या हातात देऊन गेल्या.

रात्री मला काकांची पाठ दिसत राहिली. हा भडंग खात होता. "लसूण छान परतलाय," म्हणाला. एकाच प्रसंगातून दोन माणसं काय उचलतात बघा. इतक्या वर्षांनीही मला त्याच्यासारखं उचलता येत नाही.

७. स्वर्ग आहे असं मात्र कोणाला सांगू नका. ह्याच शहरात २१ फेब्रुवारी २००९ ला समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांची मिरवणूक निघायची होती. लाल शर्टवाल्या एका राजकीय गटाने लोक जमले होते त्या आवारातच त्यांना अडवून धरलं, शिवीगाळ केली, वस्तू फेकल्या, आणि मिरवणूक निघालीच नाही. पुन्हा ती रस्त्यावर आली ती २०१९ साली, त्याच तारखेला. मधली दहा वर्षं हे शहर इतकंच सुंदर आणि इतकंच हसतमुख होतं. आजही तिथल्या ट्रान्स स्त्रीला कागदपत्रांवर आपलं लिंग बदलून मिळत नाही, समलिंगी लग्नाचा कायदा झाला तरी. विमानतळावर ती पासपोर्ट पुढे करते तेव्हा त्यात 'पुरुष' असतं.

अनुसार्न बाजारात रात्री कॅबरे होतो. पिसांचे मुकुट, ओठ हलवून म्हटलेली गाणी, आणि मध्ये एक विनोदी प्रवेश, त्यात जाडसर कलावंत प्रेक्षकांतल्या एखाद्या पुरुषाच्या मांडीवर जाऊन बसते. सगळे खदखदून हसले, मीही हसलो. मग मला गणपत पाटील आठवले. मराठी सिनेमात त्यांनी नाच्या उभा केला आणि सगळा महाराष्ट्र टाळ्या पिटून हसला. शाळेत मी जरा हात हलवून बोललो की पोरं त्यांच्या ढंगात टाळी वाजवायची. त्याच महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या शालूची आणि चालण्याची नक्कल घराघरात केली होती. एकाला डोक्यावर घेतलं, एकाला हसलो, आणि दोन्ही कौतुकंच आहेत असं आपण समजत आलो. कॅबरे संपल्यावर कलावंत बाहेर फोटोसाठी उभ्या राहतात, बक्षिशी घेतात. जवळून बघितलं तर त्या जाडसर बाई माझ्याच वयाच्या होत्या आणि त्यांचीही टाच दुखत होती, कारण बूट काढून उभ्या होत्या.

८. एका दारातून आत घेतलं की माणूस बाकीची दारं बघायचं विसरतो. वाट चेदी लुआंग ह्या देवळाच्या आवारात शहराच्या खांबाचं छोटं मंदिर आहे. मी आत गेलो, भिंतीवरची चित्रं बघितली, प्रसन्न वाटलं. बाहेर येताना पाटी दिसली, स्त्रियांना प्रवेश नाही. कारण तेच, मासिक पाळी. पायरीखाली दोन मुली पाटीचा फोटो काढत होत्या. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना २०१६ साली जाऊ दिलं, तोवर मी तिथे दोनदा तेल वाहून आलो होतो आणि मला काही खटकलं नव्हतं. ह्या देशात मला माणसासारखं वागवतात म्हणून मी भरून येत होतो. ह्या दारात मला घेतलं ते पुरुष म्हणून.

९. बारमध्ये एकदा जावं. आम्ही गेलो, छोटासा होता, कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या घेऊन बसलो. आजूबाजूला साठीचे गोरे पुरुष आणि त्यांच्याबरोबर पंचविशीची थाई मुलं. मी मनातल्या मनात न्यायाधीश झालो. हा म्हणाला, "तू दुपारी मालिशवाल्याशी पन्नास बाटसाठी घासाघीस केलीस." मग मी बाटलीकडे बघत बसलो. तिथे एक मुलगा मात्र छान भेटला. इंग्रजी शिकवायचा, आईला दर महिन्याला पैसे पाठवायचा. आम्ही इतकी वर्षं एकत्र आहोत ह्याचं त्याला नवल वाटलं नाही, आम्ही इतकी वर्षं आईवडिलांच्या गावात राहूनही एकत्र आहोत ह्याचं वाटलं.

१०. हेवा वाटला तो कचेरीचा. २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया लग्न नोंदवू शकतात. आशियात तैवान आणि नेपाळनंतर हाच देश. नोंदणी जिल्हा कचेरीत होते, म्हणजे जिथे जन्माचा दाखला मिळतो तिथेच. दोई सुथेपला जेवढा भारावलो नाही तेवढा मी तशा एका कचेरीच्या फाटकात भारावलो. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, टोकन नंबर, पंखा, एक कंटाळलेला माणूस. प्रेमाला कंटाळवाण्या टेबलापर्यंत आणायला किती लोकांनी किती वर्षं घालवली असतील. परदेशी जोडप्यांनाही वकिलातीचे कागद आणून तिथे लग्न करता येतं. ह्याने विचारलं, "करायचं का?" मी हिशेब केला. बँकॉकला नवरे, मुंबई विमानतळावर रूममेट.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला गुन्हेगारांच्या यादीतून काढलं. त्या दिवशी हा जिलेबी घेऊन आला होता आणि सोसायटीत कारण काय सांगायचं ह्यावर आमचं भांडण झालं. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क मान्य केला नाही. त्यानंतर काही छोट्या गोष्टी झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट करण्यात आलं की समलिंगी जोडीदारांनी बँकेत संयुक्त खातं काढायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला कसलीच आडकाठी नाही. शिवाय रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एक कुटुंब धरावं असंही केंद्राने राज्यांना कळवलं. म्हणजे मंगलाष्टकं नाहीत, पण साखर एकत्र.

जाणाऱ्या मित्रांना म्हणून मी हेच सांगतो की कॅमेऱ्याआधी कागद भरा. प्रवासविम्यात नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव. दवाखान्यात निर्णय त्याने घ्यावा असं सही केलेलं पत्र, दोघांच्या बॅगेत एकेक. घरी मृत्युपत्र, ते विमान चढायच्या आधी. आम्ही मृत्युपत्र केलं तेव्हा वकिलांनी नात्याच्या जागी काय लिहू विचारलं, ह्याने "भांडी घासणारा" असं सुचवलं. वकील हसले नाहीत.

११. काही प्रवास आल्यानंतर घडतात. मावशीला फोटो दाखवायला गेलो. ती चष्मा लावून एकेक बघत होती, स्तूप बघितला, हत्ती बघितले. मग एक फोटो आला, गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी काढलेला, आम्ही दोघं नाश्त्याला बसलेले, ह्याचा हात माझ्या पाठीवर. मी पुढचा फोटो काढायला बोट पुढे केलं, तर तिने ते बाजूला केलं. बराच वेळ बघून म्हणाली, "तुझं पोट सुटलंय. त्याचं नाही सुटलं." आणि मग, "तिथे मला झेपेल का रे?"

मी पायऱ्यांचं सांगितलं. हा मध्येच म्हणाला, दोई सुथेपला वर न्यायला गाडी आहे, रुळांवरून जाते, तिकीट काढलं की झालं. हे त्याला कसं माहीत, तो तर त्या सकाळी पांघरुणात होता. मावशीने लगेच कपाटातून पासपोर्ट काढला, मुदत संपून तीन वर्षं झालेली. नूतनीकरणाचा अर्ज आम्ही तिघांनी तिच्या डायनिंग टेबलावर भरला, मी लॅपटॉपवर, ती सांगणार, हा चहा करणार. तातडीच्या वेळी संपर्क कोणाशी, ह्या रकान्यापाशी मी सवयीने माझं नाव टाइप करायला लागलो. "तुझा फोन कधी लागतो का?" मावशी म्हणाली. "त्याचा घाल."

पोलीस पडताळणी व्हायची आहे अजून.